घट

आपल्याकडे घरातले दागिने कोणी विकत नाही, मोडतं. 'मामाच्या इंजिनिअरिंगला आजीची मोहनमाळ मोडली', 'स्लॅब टाकायच्या वेळी बिलवर मोडले.' विकणं हे दुकानदाराचं काम. घरचं माणूस मोडतं. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो नुसता बोलण्यापुरता नाही हे कोल्हापूरच्या गुजरीत, सराफाच्या काट्यासमोर उभी राहिले तेव्हा कळलं.

आई २०२४च्या फेब्रुवारीत गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर, निदान झाल्यापासून आठ महिने. डॉक्टरांनी पहिल्यांदा 'पॅन्क्रियाज' हा शब्द उच्चारला तेव्हा आई लगेच म्हणाली, "म्हणजे नर्गिसला झाला होता तो." डॉक्टर तिशीतले. नर्गिस कशाने गेली हे त्यांना माहीत नसावं. आई तेव्हा अठरा वर्षांची होती. मे १९८१. मुलाचा पहिला सिनेमा, 'रॉकी', लागायला पाचच दिवस राहिले होते आणि नर्गिस गेली. ती बातमी आईच्या मैत्रिणींमध्ये घरचं कोणी गेल्यासारखी फिरली होती.

"मग चाळीस वर्षांत काहीतरी निघालं असेल की," आई डॉक्टरांना म्हणाली.

निघालंय तसं. केमोची औषधं बदलली आहेत, ऑपरेशन पूर्वीपेक्षा सुरक्षित झालं आहे. पण हा आजार लवकर कळतच नाही, आणि कळतो तेव्हा बहुतेकांचं ऑपरेशन करण्यासारखं उरलेलं नसतं. अमेरिकेतसुद्धा निदानानंतर पाच वर्षं जगणारे शंभरात साधारण तेरा. डॉक्टरांनी हे आकडे सांगितले नाहीत, ते मी नंतर फोनवर वाचले. ते एवढंच म्हणाले, "काम चालू आहे, काकू."

जानेवारीत एका रात्री, मॉर्फिन देऊन अर्धा तास झाला असेल, आई एकदम स्वच्छ आवाजात बोलली. "माझ्या पाटल्या मोडा. देवळात द्यायचे नाहीत पैसे. अन्नदान बिन्नदान नको. या आजारावर जे कोण डोकं खपवतायत त्यांना द्या."

मी काहीतरी 'बघू गं' छाप बोलले. ती झोपली. मी जागीच. रात्री दोनला हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून माणूस फोनवर काय काय शोधतो याची यादी कधीतरी कोणीतरी करायला हवी. मी 'दागिने विकून संशोधनाला देणगी' असं काहीतरी टाइप केलं आणि दोन-चार लिंकांनंतर एलिझाबेथ टेलरच्या लिलावावर पोचले.

सकाळी आईला सांगितलं, की एक नटी होती, तिचे दागिने असेच विकले गेले.

"कोण?"

"लिझ टेलर."

"ती आठ लग्नांची?"

"आठ लग्नं, सात नवरे. एकाशी दोनदा केलं."

"मग दागिने असणारच," आई म्हणाली आणि हसली. त्या महिन्यातलं तिचं बहुतेक ते एकमेव हसू.

तेव्हा मला टेलरबद्दल एवढंच माहीत होतं. नंतर मी बरंच वाचलं. काही दिवस तर मी आईबद्दल विचार करायचा नाही म्हणून टेलरबद्दल वाचत होते.

१९८५ साल. रॉक हडसन हा हॉलिवूडचा देखणा, रांगडा हिरो. १९५६च्या 'जायंट'मध्ये टेलरचा नायक, आणि तेव्हापासूनचा मित्र. त्याला एड्स आहे हे त्या वर्षीच्या जुलैत जाहीर झालं. त्या काळी एड्स झालेल्या माणसाच्या खोलीत जेवणाचं ताट आत न नेता दाराबाहेर ठेवून जाणारे लोक हॉस्पिटलांतसुद्धा होते. इंडस्ट्रीतली बडी मंडळी या विषयावर तोंड उघडायला तयार नव्हती. टेलरने त्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसमध्ये निधीसाठी एक मोठा भोजन समारंभ घडवून आणला आणि दहा लाख डॉलरच्या वर पैसे उभे केले. त्याच महिन्यात एड्सवरच्या संशोधनाला पैसा पुरवणारी 'अ‍ॅम्फार' ही संस्था उभी राहिली. डॉक्टर मॅथिल्ड क्रिम या शास्त्रज्ञ बाई आणि टेलर तिच्या संस्थापकांपैकी. सुरुवातीचे अडीच लाख डॉलर हडसनचे होते. २ ऑक्टोबरला तो गेला.

आता गोष्टीत एक ब्रोच येतो.

इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने १९३६ साली ज्या वॉलिस सिम्प्सनसाठी गादी सोडली ती पुढे डचेस ऑफ विंडसर झाली. १९८६मध्ये ती पॅरिसला वारली. मूलबाळ नव्हतं. तिच्या दागिन्यांचे पैसे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटला जायचे होते. पाश्चर म्हणजे ज्या संस्थेत १९८३मध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतानिए यांच्या गटाने एड्सचा विषाणू शोधून काढला ती. (त्या दोघांना त्यासाठी २००८चं नोबेल मिळालं.) एप्रिल १९८७मध्ये जिनिव्हात तळ्याकाठी लिलाव झाला. सगळे मिळून सत्तर लाख डॉलर येतील असा अंदाज होता, आले पाच कोटींच्या आसपास. एड्सवरचं पहिलं औषध, एझेडटी, अमेरिकेत मंजूर होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

त्या लिलावात प्रिन्स ऑफ वेल्सच्या तीन पिसांचा हिऱ्यांचा एक ब्रोच होता. टेलर डचेसला ओळखत होती, तो ब्रोच तिला आवडायचा. तिने लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घरी स्विमिंग पूलच्या काठावर बसून फोनवरून बोली लावली आणि सुमारे सव्वासहा लाख डॉलरना तो घेतला. पैसे कुठे जाणार आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

टेलर २३ मार्च २०११ रोजी गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कला ख्रिस्टीजमध्ये तिच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्याआधी ते दागिने मॉस्को, लंडन, दुबई, पॅरिस, हाँगकाँग असे फिरवून लोकांना दाखवले होते. चार दिवसांचा लिलाव, आणि न विकलेली एकही वस्तू उरली नाही. पहिल्या संध्याकाळचे ऐंशी नग साडेअकरा कोटी डॉलरच्या वर गेले. रिचर्ड बर्टनने, म्हणजे ज्याच्याशी तिने दोनदा लग्न केलं त्याने, १९६९मध्ये ३७,००० डॉलरना घेतलेला 'ला पेरेग्रिना' हा मोती एक कोटी अठरा लाखांना गेला. हाच मोती एकदा लास व्हेगासच्या हॉटेलात हरवला होता आणि त्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या तोंडात सापडला होता. आणि तो ब्रोच? पुन्हा लिलावात आला आणि तेरा लाख डॉलरना गेला. पहिल्यांदा विकला त्याच्या दुप्पट.

मला मात्र मोत्याहून दुसऱ्याच एका वस्तूने छळलं. एक हार. हस्तिदंताचे, व्हिक्टोरियन काळातले ऑपेराचे पास एकत्र ओवून केलेला. तो एडिथ हेड या प्रसिद्ध वेशभूषाकार बाईंचा. टेलरला तो आवडायचा म्हणून त्यांनी मृत्युपत्राने तिला दिला होता. जाणकारांनी त्याचा अंदाज केला होता दीड ते दोन हजार डॉलर. गेला तीन लाख चौदा हजारांना. त्यात हिरा नाही, माणिक नाही. थिएटरची जुनी तिकिटंच म्हणायची ती. दोन हजारांच्या वरचे जे तीन लाख बारा हजार आहेत, ते कशाचे? एका बाईच्या गळ्यात असायचा म्हणून ती वस्तू आवडली दुसऱ्या बाईला, आणि त्या दुसऱ्या बाईच्या गळ्याचे ते पैसे.

लिलाववाले याला 'प्रोव्हनन्स' म्हणतात. वस्तूची वंशावळ. कोणाकडून कोणाकडे आली, कोणी वापरली. ही वंशावळ किती नाजूक असते त्याचंही उदाहरण त्याच लिलावात आहे. बर्टनने टेलरला चाळिसाव्या वाढदिवसाला, १९७२मध्ये, बदामाच्या आकाराचा एक हिरा दिला होता. त्यावर फारसीत नूरजहाँचं नाव कोरलेलं. त्याची गोष्ट अशी सांगितली जायची, की तो जहांगीराकडून शाहजहानकडे आणि तिथून मुमताजकडे गेला. म्हणून नाव 'ताजमहाल हिरा'. अठ्ठ्याऐंशी लाख डॉलरना विकला गेला. नंतर घेणाऱ्याला या गोष्टीबद्दलच शंका आली, ख्रिस्टीजने व्यवहार रद्द केला, आणि २०१५मध्ये टेलरच्या ट्रस्टने ख्रिस्टीजवर दावा लावला. हिरा होता तसाच होता, एक कॅरेटही कमी झाला नव्हता.

आता एक गोष्ट कबूल करते. मी हे सगळं वाचत असताना असं धरून चालले होते, की ते पंधरा कोटी डॉलर एड्सच्या संशोधनाला गेले. बातम्यांचे मथळे वाचून असंच वाटतं. तसं नाहीये. लिलावाची रक्कम तिच्या ट्रस्टची. प्रदर्शनाची तिकिटं, कार्यक्रम आणि काही प्रकाशनं यांच्या नफ्यातला वाटा तिच्या एड्स फाउंडेशनला जाहीर झाला होता. हे फाउंडेशन तिने १९९१मध्ये काढलं, तेही शेवटच्या लग्नाचे फोटो एका साप्ताहिकाला दहा लाख डॉलरना विकून आलेल्या पैशांवर. तिच्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या वापराचे जे पैसे येतात त्यातले पंचवीस टक्के आजही तिथे जातात. म्हणजे बाईने पुष्कळ केलं. तरी मला थोडं फसल्यासारखं वाटलं. ब्रोच पहिल्यांदा विकला तेव्हा त्याचे पैसे प्रयोगशाळेकडे गेले. दुसऱ्यांदा तो दुप्पट किमतीला गेला आणि ते पैसे मुख्यतः घरात राहिले. यात गैर काही नाही, तिला मुलं-नातवंडं आहेत. पण मला आईला एक सरळ गोष्ट सांगायची होती आणि ती सरळ निघाली नाही. आई तोवर गेली होती, त्यामुळे सांगायचा प्रश्नही नव्हता.

तेराव्यानंतर मी पाटल्यांचा विषय काढला.

मावशी एकदम म्हणाली, "ताईची खूण मोडणार? वेड लागलंय का तुला?" बाबा काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले. दादा टोरांटोला परत जायची बॅग भरत होता. त्याचं म्हणणं फार सोपं होतं आणि मला आजही ते खोडता येत नाही. "किती होतील त्याचे? दोन, अडीच लाख? मी तेवढे ट्रान्स्फर करतो संशोधनाला. पाटल्या तू ठेव. संस्थेला पैशाशी मतलब, पाटल्यांशी नाही."

हिशेबाने दादा बरोबर होता, आणि टेलरच्या गोष्टीनेही त्याचीच बाजू पक्की होत होती. तिच्या वस्तू विकण्यात अर्थ होता, कारण विकताना तिचं नाव पैशांत मिळवलं जात होतं. दोन हजारांच्या हाराचे तीन लाख होत होते. आईच्या पाटल्यांत आईचं नाव मिळवणारं जगात कोण होतं? आम्ही चौघं. आणि आम्हीच विकणारे.

मावशीची बाजूही मला कळत होती. पॅट्रिक स्वेझी हा नटही आईच्याच आजाराने गेला, २००९मध्ये. २०१७मध्ये त्याच्या बायकोने त्याच्या वस्तू लिलावात काढल्या. 'डर्टी डान्सिंग'मधलं लेदर जॅकेट बासष्ट हजार डॉलरना गेलं. तेव्हा त्याची पुतणी जाहीरपणे चिडली होती, की घरच्यांना न विचारता घरचा इतिहास विकताय. मी ते वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर मावशीच आली.

दादा गेला. पाटल्या कपाटात, गुलाबी कागदात तशाच. चार महिने मी त्यांना हात लावला नाही.

मग जूनमध्ये आईची कागदपत्रं लावताना पावती सापडली. १९९४ची. 'पाटल्या जोड १, ४०.२५० ग्रॅम.' त्याच पावतीला आईने टाचणीने दुसरा एक कागद लावला होता, वहीचं पान. त्यावर महिन्यांची नावं आणि समोर दोनशे, दोनशे, तीनशे, दोनशे. भिशीचा हिशेब. सहा वर्षांचा. बाकीचे पैसे शिकवण्यांचे, ते खाली वेगळे लिहिलेले. बाबांनी दिलेले असे शून्य रुपये.

मला हे माहीतच नव्हतं. मंगळसूत्र आजोबांनी केलेलं, बोरमाळ सासूची, कानातलं बाबांनी पंचविसाव्या वाढदिवसाला घेतलेलं. पाटल्या तेवढ्या तिच्या. साठ वर्षांच्या आयुष्यात तिने स्वतःच्या पैशाने घेतलेली, स्वतःच्या नावावर असलेली बहुधा तेवढीच वस्तू. तिने मंगळसूत्र मोडा म्हटलं नव्हतं. बोरमाळ मोडा म्हटलं नव्हतं. मॉर्फिनमध्येसुद्धा तिने नेमकं सांगितलं होतं.

मी दादाला त्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. मावशीला प्रत्यक्ष दाखवलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "ही अकरा नंबरची भिशी माझीच. दोन हप्ते मी भरले होते तिचे. परत दिले नाहीत तिने." मग म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर."

गुजरीतले सराफकाका आईला ओळखत होते, पावतीही त्यांच्याच पेढीची, त्यांच्या वडिलांच्या हातची. त्यांनी पाटल्या काट्यावर ठेवल्या. ३८.९१०.

"पावतीवर चाळीस पंचवीस आहे," मी म्हणाले. मला वाटलं, काट्यात काहीतरी आहे.

"झीज, ताई," ते म्हणाले. "तीस वर्षं रोज हातात. एकमेकींवर घासतात, कट्ट्यावर घासतात, धुण्याच्या दगडावर. सोनं मऊ." त्यांनी पाटलीची आतली कड बोटाने दाखवली. एका बाजूला ती खरंच पातळ झाली होती. "शिवाय वितळवताना थोडी घट धरावी लागते. टंच काढून सांगतो."

तेरा शतांश कमी दीड ग्रॅम, असं काहीतरी मी मनात मोजत बसले आणि चुकले. १.३४० ग्रॅम. आईच्या तीस वर्षांच्या भाकऱ्या, भांडी, शिकवण्यांच्या वह्या. टेलरच्या वस्तूंच्या किमतीत तिचं वापरणं मिळवलं होतं. इथे वापरणं वजा. दोन्ही ठिकाणी वापराचा हिशेब आहे हे खरं.

टंच ८९ आला. तेव्हा हॉलमार्क नव्हता, सगळीकडे असंच असायचं, असं काका जरा ओशाळून म्हणाले. सगळी वजावट होऊन अडीच लाखांना थोडे कमी. "वितळवायच्या का लगेच? का घरी जाऊन विचार करता?" त्यांनी मावशीकडे बघून विचारलं. मावशी म्हणाली, "वितळवा. आमच्यासमोर."

मागच्या खोलीत मूस, तांबडी आच. दोन पाटल्या आधी आपला आकार धरून होत्या, मग एकदम नव्हत्या. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. मावशीने तेवढा वेळ माझं मनगट धरून ठेवलं होतं.

ज्या संस्थेला पैसे दिले तिथल्या एका संशोधिकेला मी फोनवर विचारलं, की एवढ्यात काय होतं? तिने वाईट वाटून घेतलं नाही, सरळ सांगितलं. पीएचडी करणाऱ्या मुलाला सुरुवातीला महिना ३७,००० फेलोशिप मिळते. म्हणजे एका मुलाचे सहा-सात महिने. किंवा थोडी रसायनं आणि काही नमुन्यांची तपासणी. "औषध नाही निघणार यातून," ती म्हणाली. मी म्हटलं, माहितीये. मी आईला मनात सांगून टाकलं, सहा महिने एक मुलगा किंवा मुलगी.

पैसे भरल्यावर आठवड्याने ईमेलवर पावती आली. देणगीदाराच्या नावाच्या जागी मी आईचं नाव लिहिलं होतं. त्यात वडिलांच्या की नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर चुकलं होतं. मी ती पावती फॅमिली ग्रुपवर टाकली. बाबांनी हात जोडलेला इमोजी टाकला. मावशीने गुलाबी कागद कुठाय विचारलं, म्हटलं माझ्याकडे आहे, तर म्हणाली, मला दे.

रात्री अकराला, म्हणजे दादाची दुपार, त्याचा स्क्रीनशॉट आला. त्याने त्याच संस्थेला तेवढेच पैसे पाठवले होते, रुपयासकट तेवढेच. खाली लिहिलं होतं, "मी माझ्या नावाने भरले. आणि आईच्या पावतीतलं अक्षर बदलायला त्यांना मेल केलाय, तू परत करू नकोस."